भंगाराचा भाव आणि मजुराचा जीव

भूसुरुंग हा सीमेवरचा प्रश्न. दिव्यातील कार्यकर्त्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. उत्तर पुलगावने दिलेले आहे. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील त्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमनाचे जवान बळी पडले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते, असे नंतर पुढे आले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच सोनेगाव आबाजी येथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या खेड्यांतील कंत्राटी मजूर होते.

जुना सुरुंग निरुपद्रवी होतो, हा भ्रम आहे. कवच गंजते, दारू मात्र जिवंत राहते आणि चापाचा भरवसा उरत नाही. रणगाड्यासाठीचा सुरुंग शंभराहून अधिक किलोंच्या दाबाने फुटतो. माणसासाठी पेरलेल्याला काही किलो पुरतात. चेपलेला डबा वा प्लास्टिकची चकती यांत मृत्यू दडलेला आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखावे?

दिव्याशी नाते येथे जुळते. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील तोफगोळा फुटून दहा कामगार मेले. त्यानंतर सरकारने आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक केले. दिवा-शिळफाटा पट्ट्यातील गोदामांत लोखंड फोडणाऱ्या हातांपर्यंत ती तपासणी खरोखर पोहोचते काय, हा आपला प्रश्न आहे.

भंगाराचा भाव किलोवर ठरतो. तराजूला सुरुंग आणि तुटकी बादली यांतला भेद कळत नाही. व्यापाऱ्याने वाचवलेला तपासणीचा खर्च मजूर आपल्या देहाने फेडतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त दुर्बलाच्या खात्यावर चढतो.

म्हणून 'ओळखा आणि सावध राहा' एवढे फलक लावून शासनाची वा मालकाची सुटका होऊ नये. संशयास्पद वस्तू हलवू नये, ठोकू नये, तापवू नये. दूर होऊन ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, हे प्रत्येक गोदामात सांगितले पाहिजे. परंतु काम थांबवणाऱ्या मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडणार नाही, ही हमीही त्याबरोबर हवी. तिच्यावाचून सावधगिरी हा पोट भरलेल्यांचाच उपदेश ठरेल. ही हमी मिळवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.