नव्या टाकीतला मासा मलूल झालाय?

हल्ली मुलांच्या हट्टापायी घरोघरी माशांची काचेची टाकी येते. रविवारी टाकी, रंगीत खडी, हवेचा पंप आणि चार गोल्डफिश आले की संध्याकाळी सगळं घर तिच्याभोवती जमतं. आणि मग चार-आठ दिवसांत एखादा मासा कोपऱ्यात गप्प बसतो. पर मिटलेले, खाण्याकडे लक्ष नाही. शाळेतून आल्या आल्या धाकटी विचारते, "आई, हा मरणार का गं?" आणि तुम्ही कुणाला तरी औषधाची बाटली आणायला पिटाळता.

जरा थांबा. टाकी नवी असेल तर बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते पाणी. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. जुन्या टाकीतल्या स्पंजात आणि खडीत जिवाणू वस्तीला असतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशाला विषारी, तिसरं त्यामानानं निरुपद्रवी. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर पाणी आरशासारखं नितळ दिसतं! तिथंच आपण फसतो.

तेव्हा आधी नीट निरखून पाहा. सगळेच मासे वर येऊन धापा टाकताहेत, कल्ले लालभडक दिसताहेत? मग दोष पाण्याचाच. अंगावर आणि परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात आणि मासा खडीला अंग घासतो? तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. (मात्र नर गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ठिपके आले असतील, तर तो वयात आलाय, एवढंच!) परांच्या कडा झिरझिरीत होऊन झडताहेत, तर त्याचंही मूळ बहुधा घाण पाण्यात असतं. पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर मात्र आशा थोडी. मुलांना ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायची पेटी मिळते. दोन्ही शून्य हवीत. नसतील तर रोज पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला सोसत नाही, म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं ठेवून जात नाही. त्यापेक्षा क्लोरीन घालवायचे थेंब वापरलेले खात्रीचे. दोन दिवस खाणं बंद ठेवा. मासा उपाशी मरत नाही हो!

आपल्या स्वच्छतेच्या सवयीनं एक घोटाळा होतो. सगळी टाकी उपसून, खडी आणि स्पंज नळाखाली खसाखसा धुऊन काढला, की जेमतेम रुजलेले जिवाणूही गेले. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा. शेजारणीकडे जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा मागून आणा. दुधाला विरजण लावावं तसा तो कामाला येतो.

ठिपक्यांचा रोग असेल तर औषध हवंच. पण कातडीखाली दडलेल्या जंतूवर त्याचा परिणाम होत नाही, तो बाहेर पडून पाण्यात पोहू लागला की होतो. म्हणून ठिपके गेले तरी बाटलीवर लिहिलेले दिवस पुरे करा, आणि फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तेवढे दिवस काढून ठेवा. तो औषधच शोषून घेतो.

टाकीची बादली वेगळी ठेवा, साबण न लागलेली. आणि खाण्याचा डबा उंच फळीवर. पाहुण्यांची मुलं "मासे भुकेले दिसतात" म्हणत अर्धा डबा ओततात.