परिचर्या-विद्यार्थिनींचे लसीकरण : जबाबदारी कोणाची ?

परिचर्या-महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलीकडून जे कागद मागविले जातात, त्यांत शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका यांच्या जोडीला वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्रही असते. तालुक्याच्या डॉक्टरने वजन, नाडी, दृष्टी तपासून सही-शिक्का केला की ही अट पूर्ण झाली, असे समजले जाते. संस्थेला निरोगी विद्यार्थिनी मिळावी हा या अटीचा एक हेतू उघडच आहे. परंतु ती तीन-चार वर्षांनी तितक्याच निरोगी अवस्थेत बाहेर पडावी, या दुसऱ्या हेतूची आठवण पुष्कळ ठिकाणी प्रवेशाच्या दिवसानंतर कोणास राहत नाही. वस्तुतः अधिक महत्त्वाचा हेतू हाच होय. (येथे विद्यार्थिनी म्हणताना या शिक्षणाकडे वळलेले मुलगेही अभिप्रेत आहेत, रोगजंतू असा भेद करीत नाहीत.)

परिचर्या शिकणाऱ्या मुलींना रुग्णालयातच रोग जडतो, ही गोष्ट सिद्ध होण्यास वेळ लागला. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील उल्लेवाल रुग्णालयात डॉ. योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून शिकाऊ परिचारिकांची ट्यूबरक्युलिन कसोटी घेण्यास प्रारंभ केला. क्षयजंतूंचा शरीराशी पूर्वी कधी संबंध आला आहे की नाही, हे या कसोटीने कळते. नव्याने दाखल होणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांच्या आसपास मुलींना असा संसर्ग झालेला नव्हता. प्रौढपणीचा क्षय म्हणजे बालपणी शरीरात शिरलेल्या जंतूंनीच पुन्हा डोके वर काढणे, असा त्या काळी अनेक तज्ज्ञांचा समज होता. त्या हिशेबाने या संसर्गरहित मुली सर्वांत सुरक्षित ठरावयास हव्या होत्या. घडले ते नेमके उलट. शिक्षण संपेपर्यंत बहुतेक सर्वांना संसर्ग झाला आणि प्रत्यक्ष क्षयाने आजारी पडणाऱ्यांत आरंभी संसर्गरहित असलेल्या मुलींचे प्रमाण फार मोठे निघाले. जंतू त्यांनी घरून आणले नव्हते. ते त्यांना खाटांमधून वावरताना मिळाले होते. पुढे हाइमबेक यांनी अशा मुलींना बीसीजी लस देण्यास सुरुवात केली. या लशीच्या आरंभीच्या इतिहासातील महत्त्वाचा पुरावा अशा रीतीने शिकाऊ परिचारिकांच्या शरीरांनी पुरविला आहे.

ही गोष्ट जुन्या युरोपातली म्हणून सोडून देता येत नाही. वेल्लोर येथील संशोधकांनी दक्षिण भारतातील परिचर्या-विद्यार्थिनींची अशीच पाहणी २००७ साली सुरू केली व तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. येथेही आरंभी सुमारे निम्म्या मुलींची कसोटी होकारार्थी आली. उरलेल्यांत वर्षभरात नवा संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा ७.८ आढळले. सर्वसाधारण जनतेत ते शेकडा १.५ च्या घरात धरले जात होते. म्हणजे धोका पाचपट झाला!

क्षयाच्या बाबतीत मात्र केवळ लशीचा दाखला मागून भागत नाही. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच टोचली जाते आणि बालकांना क्षयाच्या घातक प्रकारांपासून ती वाचविते; परंतु प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती आळा घालीत नाही, असे तामिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ साली सुरू झालेल्या विस्तृत प्रयोगात दिसून आले. तेव्हा येथे उपाय निराळे : कक्षाच्या खिडक्या उघड्या ठेवणे, खोकणाऱ्या रुग्णाचे निदान लवकर करून त्याला वेगळे ठेवणे, विद्यार्थिनीला योग्य प्रतीची मुखपट्टी पुरविणे आणि प्रतिवर्षी तिची तपासणी करणे. यांपैकी एकही गोष्ट विद्यार्थिनीच्या हातची नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

याउलट ज्या रोगावर लस जवळजवळ संपूर्ण संरक्षण देते, तो म्हणजे हेपॅटायटिस-बी, अर्थात रक्तावाटे पसरणारी यकृताची कावीळ. या रोगाचा विषाणू असलेल्या रुग्णाला टोचलेली सुई लस न घेतलेल्या व्यक्तीस लागली, तर शंभरांत सहा ते तीस जणांना संसर्ग होऊ शकतो. एड्सच्या विषाणूबाबत हेच प्रमाण हजारात तीन इतके आहे. लोकांच्या मनातील भीतीचे प्रमाण मात्र नेमके उलटे असते. शिकाऊ हात नवखा असतो. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविण्याची चूक त्याच्याकडून सहज घडते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ही लस आपल्या देशात प्रायोगिक स्वरूपात २००२ साली आली, काही राज्यांत त्यानंतर पोचली आणि सर्व देशभर बालकांना मिळू लागली ती २०११ नंतर. परिचर्येच्या प्रवेशास सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे आज प्रवेश घेणाऱ्या अनेक मुली ही लस सर्वत्र सुरू होण्यापूर्वी जन्मलेल्या आहेत. लशीच्या तीन मात्रा शून्य, एक व सहा महिने अशा अंतराने घ्यावयाच्या असतात आणि संरक्षण उत्पन्न झाले की नाही हे त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून समजते. एवढ्यास आठ महिने लागतात. विद्यार्थिनी तर पहिल्या सत्रातच रुग्णकक्षात उभी राहते. प्रवेशाच्या दिवशी पहिली मात्रा दिली नाही, तर तो दिवस फुकट गेला असेच म्हणावे लागेल. निरोगी तरुणांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक जणांत तीन मात्रांनी संरक्षण उत्पन्न होते. उरलेल्या थोड्यांना मात्रांचा दुसरा क्रम द्यावा लागतो. पण ही उरलेली मुलगी कोणती, हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही, आणि ही तपासणीच अनेकदा गाळली जाते.

खर्चाची सबब फारशी टिकणारी नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ही लस देशातच तयार करून बाजारात आणली, तेव्हापासून तिची किंमत पुष्कळच उतरली आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमावलीत वार्षिक तपासणी, धनुर्वात व हेपॅटायटिस-बी यांच्या लशी, आजारपणात विनामूल्य उपचार किंवा विमा आणि प्रत्येकीची आरोग्य-नोंद यांची तरतूद आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्यसेवकांना ही लस देण्याची योजना आहे. नियम आहेत, लस आहे. असे असता ‘लस घेऊन या आणि दाखला जोडा’ असे मुलीला सांगणे म्हणजे संस्थेने आपले देणे तिच्या पालकांच्या माथी मारणे होय. ती कक्षात रुग्णांची सेवा करते, रात्रपाळी करते. त्या कामाचा लाभ रुग्णालयाला मिळतो. सुईचा धोका तेवढा तिचा, ही वाटणी न्याय्य नव्हे.

गोवर, जर्मन गोवर, कांजिण्या, इन्फ्लुएन्झा यांच्या लशींचा विचार थोडा वेगळा आहे. तेथे विद्यार्थिनीइतकेच रुग्णाचेही रक्षण अभिप्रेत असते. प्रसूतिकक्षातील गर्भवतीला जर्मन गोवराचा संसर्ग झाल्यास गर्भाच्या दृष्टीला, श्रवणाला व हृदयाला इजा पोचते. म्हणून येथे संस्थेने आग्रह धरणे रास्तच आहे.

तपासणीत एखाद्या मुलीच्या रक्तात हेपॅटायटिस-बीचा विषाणू आधीपासूनच आढळला, तर ? तिला परत पाठवावे असा मोह काही संस्थांना होतो. हा मोह आवरला पाहिजे. एड्सच्या विषाणूबाबत शिक्षणात भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. तोच न्याय येथेही लागू व्हावा. या रोगावर नियंत्रण ठेवणारी औषधे उपलब्ध आहेत, आणि योग्य सावधगिरी बाळगली असता परिचर्येची नित्याची कामे अशा व्यक्तीला करता येतात. प्रवेश जाईल या भीतीने मुली तपासणीच टाळू लागल्या, तर आजार दडून राहील आणि उपचारास उशीर होईल.

शिक्षण संपल्यावर ही आरोग्य-नोंद कचेरीच्या कपाटात न ठेवता तिची प्रत मुलीच्या हाती द्यावी. मात्रांच्या तारखा व रक्तातील प्रतिपिंडांचे मोजमाप तीत लिहिलेले असले, म्हणजे पुढे नोकरीच्या जागी सुई लागली असता काय करावयाचे, हे तेथील डॉक्टरला काही क्षणांत ठरविता येते.