गणवेश वाढत्या अंगाचा घ्या, गिटार नको!

परीक्षा संपल्या. आता सांगली-मिरजेत घरोघरी एकच विषय, सुट्टीत पोरांना कुठल्या क्लासला घालायचं? पोहणं, कराटे आणि हल्ली हमखास गिटार. चांगलंच आहे. बोटं मोबाईलवरून उठून तारांवर जाणार असतील तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण पुढं काय होतं तेही आपण बघतोय. मे महिन्यात आलेली गिटार गणपतीपर्यंत कपाटावर चढते. आणि घरात ठरून जातं, "आमच्या पोराला त्यात गोडी नाही." आठ वर्षांच्या पोरावर हा शिक्का एकदा बसला की बसला. माझं म्हणणं एवढंच, शिक्का मारायच्या आधी गिटार तपासा. बऱ्याचदा नापास पोर नसतं, वाद्य नापास असतं.

कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट माप. गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, बाह्या दुमडून दोन वर्षं काढतो. गिटारीच्या बाह्या दुमडता येत नाहीत. साधारण सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला अर्ध्या मापाची, नऊ ते बारापर्यंत पाऊण मापाची आणि त्यानंतर पूर्ण मापाची, असा ढोबळ हिशोब आहे. पण वयापेक्षा हात बघा. पोराला खुर्चीवर बसवून गिटार मांडीवर द्या. डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत, म्हणजे सतारीच्या भाषेत पहिल्या पडद्यापर्यंत, कोपरात थोडा वाकलेला राहून पोचला पाहिजे. उजवा खांदा कानाकडं चढत असेल तर गिटार मोठी आहे. विषय संपला.

दुसरी गोष्ट तारा. दुकानात चकचकीत दिसते ती बहुतेक स्टीलच्या तारांची. त्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो. नायलॉनच्या तारांचा ४० च्या आसपास, आणि तारही जाड, मऊ. कोवळ्या बोटांना सुरुवातीला नायलॉनच बरी. फक्त नायलॉनच्या गिटारीवर हौसेनं स्टीलच्या तारा चढवू नका, घोडी उखडून हातात येते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित, तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट पट्टीनं मोजा. नायलॉनला तीन-चार मिलिमीटर ठीक, स्टीलला दोन-अडीच. पाच-सहा भरली तर ती तार दाबताना मोठ्या माणसाचंही बोट दुखेल. ऑनलाइन येणाऱ्या अगदी स्वस्त गिटारी अनेकदा अशाच असतात. सूरही टिकत नाही. पोर बिचारं बरोबर वाजवतं आणि बेसूर ऐकतं. मग वाजवेल कशाला?

हे मिरजेत सांगावं लागावं याचं जास्त वाईट वाटतं. २०२४ मध्ये आपल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. याच गावात जवारी काढल्याशिवाय सतार कारागिराच्या हातून बाहेर पडत नाही. वाद्य आधी नीट लावायचं, मग शिकणाऱ्याच्या हातात द्यायचं, ही आपलीच रीत. गिटार वेगळी असेल, रीत तीच.

आता खरी अडचण. मापाची गिटार घ्यायची म्हणजे पाच-सहा वर्षांत तीन घ्याव्या लागणार. कोण घेईल? म्हणून आई-बाप एकदाच मोठी घेतात आणि म्हणतात, पुढं होईल उपयोगी. त्यांना मी दोष देणार नाही. काटकसर हा काही गुन्हा नाही. आणि कुपवाड एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराला तर एकसुद्धा परवडत नाही. त्याच्या पोरीच्या हातात सूर आहे का नाही, हे कुणाला कधी कळणारच नाही.

याचं उत्तर दुकानात नाही, वाचनालयात आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. पुस्तक सगळ्यांनी विकत घ्यायची गरज नाही, वर्गणी भरून घरी न्यावं आणि परत करावं, ही सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. मग वाद्य का नाही? जे वाद्य दोन वर्षांत लहान होतं ते विकत घेण्यापेक्षा फिरतं ठेवणंच शहाणपणाचं. अर्ध्या मापाच्या पाच, पाऊण मापाच्या पाच, एवढ्यावर एका वाचनालयाचं किंवा एका महापालिका शाळेचं भागतं.

पैसे? प्रभागाप्रभागात ओपन जिम बसवताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यातली निम्मी यंत्रं आज कुरकुरतात, त्यापेक्षा दहा गिटारी गोड वाजतील. तुटल्या तर? पुस्तकंही फाटतात, म्हणून आपण वाचनालयं बंद केली नाहीत. अनामत घ्या. आणि देखभालीचं काम आपल्याच कारागिरांना द्या. लाकूड, घोडी आणि तार यांचं नातं ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळतं, अशी माणसं इतर गावांना शोधावी लागतात. आपल्याकडं हाकेच्या अंतरावर आहेत.

आणि सुरुवातीला तर विकत घ्यायचीही गरज नाही. आपल्याच कॉलनीतल्या कपाटांवर किती गिटारी धूळ खात पडल्यात ते मोजा. तारा बदलल्या, उंची लावून घेतली, की त्यातल्या बऱ्याचशा बोलायला लागतील.

तेव्हा दोनच विनंत्या. यंदा गिटार घ्यायला जाल तेव्हा पोराला बरोबर न्या, पट्टी खिशात ठेवा, आणि रंग सगळ्यात शेवटी बघा. दुसरी, ही पोस्ट आपल्या वाचनालयाच्या संचालकांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. गटार आणि रस्ता विचारून झाला की हेही विचारा.