कानाचा दोष कुठे आहे?



स्वारगेटच्या एस.टी. स्थानकात आणि बाहेरच्या चौकात आपले पुष्कळ बांधव रोजी कमावतात. कुणी ड्रायव्हर-कंडक्टर, कुणी रिक्षावाले, कुणी हमाल, कुणी झाडूकाम करणाऱ्या भगिनी. दिवसभर कानावर हॉर्न आणि इंजिनांची घरघर. अशा माणसाला पुढे घरात मारलेली हाक ऐकू जात नाही आणि बायको म्हणते, "मुद्दाम ऐकत नाहीत." त्यात मुद्दाम काही नसते.

कमी ऐकू येणे हा एकच आजार नव्हे. दोष कानाच्या कोणत्या भागात आहे, त्यावर उपाय ठरतो.

पहिल्या प्रकारात आवाज आत जाण्याची वाट अडते. मळ घट्ट बसतो, कान फुटून पू येतो, पडद्याला भोक पडते किंवा पडद्यामागची तीन चिमुकली हाडे नीट हलत नाहीत. यात औषधाने, मळ काढून किंवा शस्त्रक्रियेने पुष्कळदा ऐकू येऊ लागते. पण आपल्याकडे पोराचा कान वाहू लागला की गरम तेल ओततात, नाहीतर काडी घालतात. पडदा फाटलेला असेल तर हे तेल थेट आत जाते. कृपा करून हे बंद करा. "वय वाढले की कान आपोआप बरा होईल" म्हणून थांबूही नका.

दुसरा प्रकार आतल्या कानाचा. तेथे गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यातील केसांसारख्या बारीक पेशी आवाजाचा संदेश नसेकडे पोचवतात. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हातारपण, गालगुंड, मेंदूज्वर, क्षयावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि सततचा गोंगाट ही याची कारणे. बारीक, उंच आवाज आधी जातात. म्हणून "साठ" म्हटलेले "आठ" वाटते, आणि बायका-मुलांचे बोलणे कळत नाही. ओरडून सांगितले तरी उपयोग कमीच. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. येथे श्रवणयंत्राचा आधार घ्यावा लागतो.

दोन्ही दोष एकत्र असले तर त्याला मिश्र बहिरेपणा म्हणतात.

गोंगाटाचे गणित लक्षात ठेवा. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पाव तासच उरतो. आता स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे लहान पोरे खांद्यावर घेऊन आपण तासन् तास नाचतो. बाबासाहेबांच्या जयंतीला पोराच्या कानाची किंमत कशाला द्यायची? ढोल-ताशा असो वा डी.जे., मुले लांब ठेवा.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र वाट पाहू नका. हा दोष आतल्या कानाचा असू शकतो आणि पहिल्या काही दिवसांतच औषध लागू पडण्याची शक्यता जास्त असते. तान्हे मूल मोठ्या आवाजाला दचकत नसेल, किंवा वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, तर तपासणी लगेच करा. ऐकू न आल्याने बोलणेही राहते.

ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. ज्यांचे ई.एस.आय. कापले जाते त्यांना बिबवेवाडीचे ई.एस.आय. रुग्णालय स्वारगेटहून जवळ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली आणि १९४८ मध्ये ई.एस.आय. कायदा आला. कामावरच्या गोंगाटाने आलेला बहिरेपणा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. तेव्हा डॉक्टरांना कामाचे स्वरूप आणि किती वर्षे ते करता, हे न विसरता सांगा व कागदावर लिहून घ्या.

तपासणीत कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात. दुखत नाही. त्याचा आलेख मिळतो, तो जपून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांना ६० डेसिबल किंवा अधिक दोष असल्यास श्रवणदोष धरला जातो. दाखला ४० टक्के वा अधिक असला तर नोकरीतील राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. एडिप योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रही मिळते. अर्जाला दिव्यांगाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.