थर्ड डिग्री म्हणजे कामचोरी

इस्त्रीचे शर्ट घातलेले चार जण टीव्हीवर बसून विचारतात : शहरात बाँब ठेवलाय, घड्याळ चालू आहे, ठेवणारा तुमच्या हातात आहे. काय कराल? चहा पाजाल? आणि उत्तरही तेच देऊन टाकतात : उलटा टांगा साल्याला!

मित्रांनो, हा प्रश्नच लबाड आहे. हातात आलेला माणूस तोच आहे, हे ठरवलं कोणी? ते ठरवायलाच तर तपास असतो. जे सिद्ध करायचं तेच प्रश्नात कोंबायचं आणि वर आपल्याला भेकड म्हणायचं.

मी गोदीत काम करतो. गोणी न मोजता टॅलीवर आकडा मारणारा आमच्याकडंही असतो. त्याला आम्ही कडक माणूस म्हणत नाही, कामचोर म्हणतो. थर्ड डिग्री ही तीच कामचोरी. बोटीच्या पोटात उतरायचं नाही, माल बघायचा नाही, वरच्याला पाहिजे तो आकडा लिहून मोकळं व्हायचं. फक्त इथं आकडा माणसाच्या तळपायांवर लिहितात.

मुंबईचंच घ्या. ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट. संध्याकाळी घरी निघालेली १८९ माणसं मेली. काही महिन्यांत मोक्काखाली कबुलीजबाब तयार! २०१५ ला विशेष कोर्टानं बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. त्यातला एक २०२१ मध्ये तुरुंगातच मेला. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टानं बाराच्या बारा निर्दोष सोडले. कोर्ट म्हणालं, कबुलीजबाबासाठी छळ झालाय, एकाच्या जबाबातला मजकूर दुसऱ्याच्या जबाबात उतरलाय. आणि पुढचं ऐका : बाँब कुठल्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकारी बाजूला सिद्ध करता आलं नाही. एकोणीस वर्षांत! माणसं टांगायला वेळ होता, बाँब बघायला नव्हता. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टानं हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली. सुटलेल्यांना मात्र परत आत टाकलं नाही. आणि ज्यांची माणसं रुळांवर गेली त्यांच्या हाती काय आलं? भोपळा.

पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा नाही, हे इंग्रजानंसुद्धा १८७२ च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं. आपल्या शिपायाला तो चांगला ओळखून होता. १९९९ ला महाराष्ट्र सरकारनं मोक्का आणला आणि एसपीच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालू केला. जसा काय खांद्यावरच्या पट्टीनं माणूस खरं बोलायला लागतो!

अमेरिकेनं तर या कामचोरीचा ठेकाच दिला. २००१ च्या हल्ल्यानंतर सीआयएनं छळाच्या पद्धती दोन मानसशास्त्रज्ञांकडून आखून घेतल्या. दोघांनी जन्मात कधी कैद्याची खरीखुरी चौकशी केली नव्हती. त्यांच्या कंपनीला मिळाले ८ कोटी १० लाख डॉलर. गोदीतल्या पोराला याचं नवल वाटायचं नाही. ज्यानं कधी हूक धरला नाही, ठेका त्यालाच.

आता पर्याय काय ते बघा. अबू झुबैदा मार्च २००२ मध्ये पाकिस्तानात जखमी सापडला. एफबीआयचे दोघे त्याच्या खाटेपाशी बसले. त्यातला अली सुफान अरबी जाणणारा. त्यांनी त्याची शुश्रूषा केली, त्याच्याशी बोलत राहिले. त्या बोलण्यातून हल्ल्याच्या सूत्रधाराचं, खालिद शेख मोहम्मदचं, नाव निघालं. एक थेंब पाणी न ओतता! मग ठेकेदारांच्या हाती दिला. ऑगस्टमध्ये त्याच्या तोंडावर फडकं टाकून निदान ८३ वेळा पाणी ओतलं. पुढच्या हल्ल्याची जी माहिती पाहिजे होती ती निघाली नाही, असं २०१४ च्या सिनेटच्या अहवालात लिहिलंय.

इब्न अल-शेख अल-लिबीला तर इजिप्तच्या हवाली केलं. तिथल्या मारात तो म्हणाला, इराकनं अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं शिक्षण दिलं. ऐकणाऱ्याला तेच पाहिजे होतं. फेब्रुवारी २००३ मध्ये कॉलिन पॉवेल यांनी ते युनोत वाचलं, मार्चमध्ये इराकवर बाँब पडले. २००४ मध्ये अल-लिबीनं शब्द मागे घेतले : मार चुकवायला बोललो. तोवर बगदादच्या गल्ल्यांत मुडदे मोजून झाले होते.

त्या खाटेपाशी बसायला भाषा लागते, कागद वाचावा लागतो, धीर लागतो. पट्ट्याला काय लागतं?

आपल्यातलेही काही म्हणतात, ती मुसलमानांची भानगड, आपल्याला काय? अरे, आठवा. त्याच इंग्रजानं १८७१ ला जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून पारध्याच्या पालाकडंच वळते. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचं शिक्षण घेणारं आपलं पोरगं कोठडीत मेलं. शवविच्छेदनात अंगभर जखमा. त्याच्याकडं कुठला बाँब टिकटिकत होता?

१९९७ मध्ये भारतानं युनोच्या छळविरोधी करारावर सही केली. मंजुरी अजून दिलेली नाही. २०१० ला बिल आलं, लोकसभेत पास झालं, राज्यसभेच्या समितीकडं गेलं आणि २०१४ ला लोकसभेबरोबरच वारलं.