मनातला हात

नाशिकमध्ये गोदावरीच्या घाटावर बसलेल्या मनुष्याने उजव्या हाताने ओंजळभर पाणी उचलण्याची नुसती कल्पना केली, तर हात जागचा हलत नाही. मेंदूत मात्र फरक घडतो. उजव्या हाताचे नियमन मेंदूच्या डाव्या भागातून होते. तेथे दर सेकंदास सुमारे 8 ते 13 वेळा उमटणारी विद्युत्-लहर त्या क्षणी क्षीण होते. डाव्या हाताची कल्पना केली, की हाच प्रकार उजव्या बाजूस दिसतो.

हान्स बर्गर या जर्मन वैद्याने 1924 साली मानवी मेंदूच्या लहरींचा पहिला आलेख मिळवला व 1929 साली तो प्रसिद्ध केला. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी, मनुष्य उजव्या हाताची कल्पना करीत आहे की डाव्या, हे अशा लहरींवरून यंत्राकडून ओळखवून घेतले. ज्याचे हातपाय लुळे पडले, पण कल्पनाशक्ती शाबूत राहिली, त्याला त्यायोगे पडद्यावरील अक्षर निवडता येऊ लागले. हा लाभ लहानसहान नव्हे.

परंतु यंत्र मन वाचते, असे जे सर्रास म्हटले जाते, ते खरे नाही. यंत्र केवळ वर्गवारी करते. लासलगावच्या बाजारात कांद्याची प्रतवारी होते, तशीच ही लहरींची प्रतवारी होय. कांदा निदान हातात तरी येतो! डोक्यावर लावलेल्या चकत्यांतून मिळणारी लहर व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढीच असते. डोळ्याची पापणी लवली तरी ती झाकोळून जाते. एकाच मनुष्याची आजची लहर उद्याच्या लहरीशी नेमकी जुळत नाही, आणि काहींच्या लहरी तर यंत्राला ओळखताच येत नाहीत. शिवाय उजवा की डावा एवढाच प्रश्न असेल, तर डोळे मिटून दिलेली शंभर उत्तरेही सुमारे 50 वेळा बरोबर येतात. म्हणून यंत्राची 70 उत्तरे बरोबर आली, तर त्याचे कौतुक 50 च्या पुढचेच करावे.

लुळ्या मनुष्याच्या बाबतीत यंत्र चुकले, तर पडद्यावर चुकीचे अक्षर उमटते. तो पुन्हा प्रयत्न करतो. टोपी त्याने स्वेच्छेने घातलेली असते. आरोपीची गोष्ट निराळी. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून विचारात घेतला. ती चाचणी हाताच्या कल्पनेची नव्हती, आठवणींची होती. पण लहरींवरून अनुमान काढण्याची रीत तीच. ज्या अनुमानावर खुर्ची चालवतानाही सावध राहावे लागते, त्यावर मनुष्याचे स्वातंत्र्य टांगणे अन्यायाचे आहे.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशी चाचणी कोणावरही बळजबरीने करता येणार नाही. आणि संमतीने केली, तरी केवळ तिचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाणार नाही.