चिल्लरीतल्या ठशाच्या चुका

मुळशी तालुक्यात पौड, पिरंगुट, घोटवडे कुठेही जा. गिऱ्हाईक दहा रुपयांचं नाणं पुढे करतं आणि दुकानदार ते परत सरकवतो. "हे चालत नाही, नोट द्या." कारण विचारलं तर कधी म्हणतो, यावर रुपयाचं चिन्ह नाही. कधी रेघा जास्त असतात, कधी आकडा फुगल्यासारखा दिसतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच खुलासा केला होता की तोवर दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघाले आहेत आणि ते सगळे चलनात आहेत. पंधरा रेघांचं, चिन्ह नसलेलं आधीचं. दहा रेघांचं, चिन्ह असलेलं २०११ पासूनचं. दोन्ही खरी. तरीही गल्ल्यावरचा संशय काही जात नाही.

त्याच गावात मोबाइलवर जाहिरात फिरते, की अमुक सालचं नाणं घरात असेल तर लाखो रुपये मिळतील. माणूस भुलतो, 'नोंदणी'चे पैसे भरतो आणि फसतो. आपलं नाव वापरून कमिशन आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीरपणे सांगावं लागलं. एकीकडे खरं नाणं नाकारायचं, दुसरीकडे साध्या नाण्यापायी लुबाडून घ्यायचं. नाणं घडतं कसं, हे लोकांना कुणी नीट दाखवलेलंच नाही, म्हणून हे दोन्ही चालतं.

टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली जाते. ठशावर अक्षरं उलटी आणि खोलगट कोरलेली असतात, म्हणून नाण्यावर ती सुलटी आणि उठावदार येतात. एकाच ठशाने नाण्यांमागून नाणी पडत राहतात. शेवटी ठसा थकतो. त्याला बारीक तडा जातो, एखादा कण उडतो, वंगण आणि धूळ साचून अक्षराची खाच बुजते. एक रुपयाचं नाणं १९९२ पासून पोलादाचं झालं. हा धातू जुन्या तांबे-निकेलपेक्षा कठीण, त्यामुळे ठशाची झीजही जास्त.

ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. ठशाला तडा गेला की दाबाखाली नाण्याचा धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ वर आलेली दिसते. नखाला ती लागते. खिशातल्या किल्लीने किंवा रस्त्यावर घासून पडलेला ओरखडा मात्र आत गेलेला असतो. सालातल्या ६, ८ किंवा ० च्या पोटात धातूचा ठिपका भरलेला दिसला, तर बहुधा ठशाचा तिथला कण उडालेला असतो. अक्षर पुसट असेल आणि आजूबाजूचा पृष्ठभाग मात्र ताजा असेल, तर ती खाच वंगणाने बुजली असावी; सगळंच नाणं गुळगुळीत झालं असेल, तर ती वापराची झीज. एकदा चकती मध्ये न येताच दोन ठसे एकमेकांवर आपटले, की पुढच्या नाण्यांवर काट्याच्या बाजूच्या खुणा छाप्याच्या बाजूला अंधुक उमटतात.

ठसा फिरलेला आहे का, हे पाहायला भिंगही लागत नाही. नाणं वरून-खालून दोन बोटांत धरून पान उलटावं तसं फिरवायचं. आपल्या नाण्यांची दुसरी बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरपी आली, तर ठसा यंत्रात सरकलेला होता.

या मुलखाला ठशांतले असे फरक नवे वाटायचं कारण नाही. मुळशीपासून फार लांब नसलेल्या चाकणला मराठेशाहीत टांकसाळ होती. शिवराई या तेव्हाच्या तांब्याच्या नाण्याचे ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे अक्षरांचं वळण, ठिपके, मांडणी ठशागणिक बदलते. अभ्यासक त्या फरकांवरूनच शिवराईचे प्रकार लावतात, आणि त्या बदलांपायी कुणी शिवराईला खोटी म्हणत नाही. मग आजच्या दहाच्या नाण्यावरच्या केसाएवढ्या रेघेने दुकानदाराने का बिचकावं?

किमतीबाबत मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. बारीक तडा किंवा ठिपका असलेलं नाणं बहुतेक वेळा दर्शनी किमतीचंच असतं. संग्राहक जास्त पैसे मोजतात ते ठळक आणि दुर्मीळ चुकीला. लाखांचं आमिष दाखवणारा माणूस नाण्याचा जाणकार नसतो, तो तुमच्या खात्यावर डोळा ठेवून असतो.

हे समजावण्याचं काम बँकांनी अंगावर घ्यायला हवं. तालुक्यातल्या प्रत्येक शाखेत चौदा नमुन्यांचं मोठं चित्र लागावं, आणि शेजारी तडा, ठिपका, बुजलेलं अक्षर यांची मोठी केलेली छायाचित्रं. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत, ही ओळही त्यावर ठळक असावी. जिल्हा परिषदेच्या शाळांत भिंग असतं. एका तासाला पोरांनी घरची चिल्लर आणावी आणि तपासावी. सालाखाली हिरा असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. वेगळं काही सापडलं, तर वहीत साल, टांकसाळीची खूण, कोणती बाजू आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे कितीच्या जागी चूक आहे, एवढं लिहावं. आणि नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नये. घासलं की मूळ पृष्ठभाग जातो आणि ती चूक ठशाची होती की नंतरची, हे सांगणं अवघड होऊन बसतं.